न झोंबणारा हात

ज्या काळाची गणती आता कोणत्याही पंचांगाला करता यायची नाही, अशा एका फार जुन्या काळी, समुद्राने सोडून दिलेल्या खाऱ्या जमिनीवर एक लहानसे राज्य नांदत होते. तिथे शेते नव्हती, मिठागरे होती. क्षितिजापर्यंत आखलेल्या उथळ वाफ्यांत खारे पाणी कोंडायचे, ते उन्हाने आटू द्यायचे आणि तळाशी उरलेले मीठ लाकडी फळ्यांनी ओढून त्याचे ढीग लावायचे, एवढाच त्या मुलखाचा उद्योग. लहानथोर सगळे त्याच पाण्यात उभे राहत.

त्या पाण्याने त्यांना पोसले आणि त्याच पाण्याने त्यांची कातडी खाल्ली. टाचा फाटत, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडत, आणि खाऱ्या वाऱ्याने तिशीतला चेहरा पन्नाशीचा दिसे. त्यामुळे अंगाला लावायचे मलम ही तिथे नटण्याची वस्तू नव्हती. ते पिठामिठाइतकेच गरजेचे होते. राळ आणि तिळाचे तेल एकत्र कढवून केलेले एक काळपट मलम घरोघरी असे. त्याने भेगा बुजत, पण भरून येत नसत.

त्या मुलखाची एक रीत परक्याच्या चटकन ध्यानात येत नसे. तिथे कोणी ‘झोंबतं’ असे म्हणत नसे. चिरलेला पाय खाऱ्या पाण्यात पडला आणि मूल रडू लागले, तर आई त्याला उचलून घेई, डोळे पुशी, आणि हळूच सांगे, “आपल्यात असं बोलत नाहीत, बाळा.” ही रीत निर्दयपणातून आलेली नव्हती. ज्या दुःखावर उपाय नाही, ते बोलून दाखवून घरातल्या बाकीच्या दुखऱ्या माणसांना आणखी का दुखवावे, अशा समंजसपणातून ती कधीकाळी निघाली असावी. परंतु कारण विसरले गेले आणि रीत उरली. पुढे पुढे न बोलणे हाच मोठेपणा ठरला.

या राज्याची एक पारखीण होती. तिची ही कथा.

गावात येणारे कोणतेही नवे तेल, उटणे किंवा मलम आधी पारखिणीच्या डाव्या हाताला लावले जाई. कोपर आणि मनगट यांच्यामध्ये, आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते तिथे. सात दिवस रोज सकाळी ती वेशीजवळच्या ओट्यावर बसून सर्वांसमोर तो हात धूत असे. येणारेजाणारे थांबत, हात पाहत, वाटल्यास बोट लावून पाहत. आठव्या दिवशी ती हात वर करून म्हणे, “माझ्या अंगानं मानलं.” त्यावर जमलेले लोक म्हणत, “मग आमच्याही अंगानं मानलं.” एवढे झाले की ते मलम घराघरांत जाई. त्याआधी नाही.

बावीस वर्षे हे काम तिच्याकडे होते. पहिल्या काही वर्षांत तिने अनेक व्यापाऱ्यांना वेशीवरूनच परत पाठवले होते. कधी हात लाल झाला म्हणून, कधी पुरळ आले म्हणून, तर एकदा नुसती खाज सुटली म्हणूनसुद्धा. तो व्यापारी चिडून म्हणाला होता, “अहो बाई, खाज तर डासानंही सुटते!” त्यावर ती म्हणाली होती, “डासाला मी घराघरांत पाठवत नाही.” लोक पुष्कळ दिवस ते सांगून हसत होते.

अलीकडच्या सहा वर्षांत मात्र तिने एकालाही परत पाठवले नव्हते. पारखीणबाईंचा असा धाक बसला आहे की वाईट माल आता इकडे फिरकतच नाही, असे लोक समजत. तिलाही तसेच वाटे. निदान तसे वाटून घेणे तिला सोयीचे होते.

कारण दोन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी, भाकरी भाजताना तापलेले उलथणे तिच्या डाव्या हाताला टेकले होते आणि तिला ते कळले नव्हते. केस जळल्याचा वास आला तेव्हा तिची धाकटी बहीण ओरडली, “अक्का, हात!” पारखिणीने खाली पाहिले. कातडीवर चट्टा उमटला होता. ती हसली आणि म्हणाली, “वीस वर्षांची पुण्याई आहे गं. आता विस्तवसुद्धा विचारून चटका देतो.”

बहीणही हसली. दुसऱ्या दिवशी तिने वाफ्यावर ती गोष्ट सांगितली आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाली. पारखीणबाईंचा हात म्हणजे लोखंड, असे लोक म्हणू लागले. हात बधिर झाला आहे, असे मात्र कोणी म्हटले नाही. ज्या मुलखात न बोलणे मोठेपणाचे, तिथे न वाटणे हा तर सिद्धीचाच प्रकार मानला जाणार.

या दोघी बहिणींना एकमेकींवाचून कोणी नव्हते. आई गेली तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. थोरलीने तिला वाढवले. थोरली ओट्यावर बसे, धाकटी मिठागरात राबे. गावात आलेले प्रत्येक मलम पारखिणीनंतर पहिल्यांदा लावण्याचा मान धाकटीचा असे, आणि ती तो मान अभिमानाने मिरवी.

त्या वर्षी राज्याच्या राणीने डोंगरापलीकडच्या अरण्यातून एका वैद्याला बोलावून घेतले. राणी वयस्क होती. मीठ ओढण्याच्या दिवसांत ती स्वतः वाफ्यात उतरे, आणि तिच्याही टाचा इतरांसारख्याच फाटलेल्या होत्या. वैद्याने चार बरण्या आणल्या. एकीत अंग धुण्याचे उटणे, एकीत टाचांचे मलम, एकीत हातांचे, एकीत चेहऱ्याचे. चारींमध्ये शंभर पाण्यांनी धुतलेले तूप होते, मंजिष्ठा होती, चंदन होते. आणि चित्रक नावाच्या झुडपाची मुळी होती.

वैद्य मितभाषी होता आणि त्याने काही लपवले नाही. ओट्यासमोर उभा राहून त्याने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “ही मुळी तिखट आहे. थोडी घातली तर मेलेली कातडी सुटते आणि खालची नवी वर येते. फार झाली तर जिवंत कातडी जळते. माझ्या मुलखात हवा ओली आणि माणसं सावलीतली. तुमच्या अंगाला किती सोसेल, ते मला ठाऊक नाही.” मग तो पारखिणीकडे वळला. “बाई, रोज एक गुंजभर मुळी मी वाढवत जाईन. ज्या दिवशी चुणचुणेल, त्या दिवशी थांबायचं. तेच प्रमाण योग्य. तुमच्या हातानं सांगायचं आणि मी ऐकायचं, एवढंच माझं शास्त्र.”

आजवर येणारे व्यापारी आपल्या मालाची स्तुती करीत. हा माणूस तिच्या हाताला प्रमाण मानत होता. पारखिणीला ते फार आवडले.

पहिल्या दिवशी त्याने विचारले, “चुणचुणतं का?”

“नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याने दोन गुंजा मुळी घातली. तेव्हाही “नाही.” तिसऱ्या दिवशी तो जरा विस्मयाने म्हणाला, “आमच्याकडे माणसं एवढ्यावर हात झटकतात.” भोवतीच्या लोकांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिले.

चौथ्या दिवशी सकाळी, ओट्यावर हात धुताना पारखिणीच्या मनात प्रथमच शंका आली. तिने नखाने आपल्या हातावर एक रेघ ओढली. रेघ दिसली, नख कळले नाही. तिने उजव्या हातावर तशीच रेघ ओढली. ती कळली. बराच वेळ ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बावीस वर्षांची तेले, उटणी आणि मलमे तिच्या डाव्या हातावर थरांनी बसली होती. खालची कातडी जाड, गुळगुळीत आणि मुकी झाली होती.

पाचव्या दिवशी तिने एक गोष्ट केली, जी तिने पुढे स्वतः सांगितली नसती तर कोणालाही कळली नसती. घरी कोणी नसताना तिने त्या मलमाचा मोहरीएवढा ठिपका आपल्या कानामागे लावला. चार श्वास झाले नसतील तोच तिथे निखारा ठेवल्यासारखे वाटले. तिने धावत रांजणाशी जाऊन कान धुतला. डोळ्यांत पाणी आले आणि ते पाणी पुसताना सवयीने तिने आधी दाराकडे पाहिले. कोणी पाहिले तर नाही ना?

आता तिला कळले होते. आणि इथे तिची खरी परीक्षा सुरू झाली, कारण चूक अज्ञानात होते तोवर ती चूक असते. कळल्यानंतर ती निवड होते.

तिने स्वतःला अनेक प्रकारे समजावले. कानामागची कातडी नाजूकच असते. तिथे कोण मिठात उभे राहते? रीत डाव्या हाताची आहे, कानाची नाही. डावा हात खोटे बोलत नाही, त्याला खरोखरच काही होत नाही. शिवाय हे सांगायचे कोणाला? ओट्यावर उभे राहून ‘झोंबलं’ म्हणायचे? आणि मग लोक विचारतील, हात केव्हापासून असा आहे. मग सहा वर्षांतले प्रत्येक ‘मानलं’ पुन्हा तपासले जाईल. ज्या ओट्यावर लोक तिच्या पाया पडतात, तिथे दुसरी कोणी बसेल. या सगळ्या विचारांत मलमाचा विचार सर्वांत शेवटी येत होता, हे तिला जाणवत होते. तरीही तो शेवटीच येत राहिला.

सहाव्या दिवशी वैद्याने पुन्हा विचारले. या वेळी तो तिच्या अगदी जवळ बसला होता.

“बाई, खरंच काही नाही? सहा गुंजा झाल्या. मला धास्ती वाटते.”

तिने भोवती पाहिले. वाफ्यावर निघालेली माणसे थांबली होती. धाकटी बहीण पुढेच उभी होती, हसऱ्या चेहऱ्याने.

“वैद्यबुवा,” पारखीण मोठ्याने म्हणाली, “तुमच्या रानातली माणसं लोण्याची असतील. आम्ही मिठाची आहोत.”

हशा पिकला. कोणीतरी टाळी वाजवली. वैद्यही मान हलवून हसला आणि त्याने सातवी गुंज घातली.

आठव्या दिवशी पारखिणीने हात वर केला.  मग म्हणाली, “माझ्या अंगानं मानलं.”

“मग आमच्याही अंगानं मानलं!” लोकांनी उत्तर दिले, आणि सात गुंजांच्या प्रमाणाने केलेली मलमे घरोघरी गेली.

त्यानंतर जे घडले, त्याला केवळ मलम कारण झाले असे म्हणता येणार नाही. पहिल्याच दिवशी प्रत्येकाचे अंग पेटले. प्रत्येकाने मनात म्हटले, पारखीणबाईंना सात दिवस काही झाले नाही. मलाच होते आहे, म्हणजे माझीच कातडी कच्ची. आणि प्रत्येकजण गप्प बसला. शेजारी शेजाऱ्याकडे पाही. शेजारी शांत दिसे. तोही याच्याकडे पाहून तेच समजत असे. अशा रीतीने अख्खे गाव एकाच वेळी जळत होते आणि प्रत्येकाला वाटत होते की आपण एकटेच जळतो आहोत.

विहिरीवर बायका जमल्या तेव्हा एक सून म्हणाली, “काही म्हणा, औषध गुणाचं आहे. आमच्या सासूबाई तीन दिवस तोंडातून शब्द काढत नाहीत!” सगळ्या हसल्या. हसताना प्रत्येकीने आपले हात पदराखाली घेतले होते.

पारखिणीच्या घरात धाकटी रोज सकाळी हातांना मलम चोळून वाफ्यावर जाई. चौथ्या दिवशी ती भाकरीचा तुकडा मोडताना थांबली आणि तो तिने तळव्यांमध्ये दाबून मोडला.

“कसं आहे गं मलम?” पारखिणीने विचारले.

“छान आहे की.”

“काही होत नाही ना?”

“मला काय व्हायचंय, अक्का? मी कुणाची बहीण आहे?”

पारखिणीने तोंड उघडले होते. दोनच शब्द बोलायचे होते, ‘लावू नकोस.’ पण हे दोन शब्द बोलले की तिसरा बोलावा लागेल, आणि त्यामागून सगळेच. तिने बहिणीच्या ताटात भाजी वाढली.

नवव्या दिवशी फोड फुटले. उघड्या मांसावर खारे पाणी लागल्यावर माणसे वाफ्यातच खाली बसली. फळ्या पाण्यात पडल्या, मीठ तसेच राहिले, आणि वर्षानुवर्षे कोणी ऐकले नव्हते असे विव्हळणे त्या सपाट माळावर ऐकू येऊ लागले. दुपारी धाकटीला चौघींनी उचलून घरी आणले. तिच्या उजव्या हाताची बोटे एकमेकांना चिकटली होती.

लोकांनी वैद्याला पकडून राणीच्या अंगणात उभे केले. प्रजेच्या अंगाला अपाय करणाऱ्याला अनवाणी, पाण्याविना, खाऱ्या माळाच्या मध्यावर सोडून द्यावे, असा त्या राज्याचा जुना दंडक होता. त्या माळावरून परत आलेला माणूस कोणाच्या आठवणीत नव्हता.

“तुला काही म्हणायचं आहे?” राणीने विचारले. तिचेही पाय फडक्यात गुंडाळलेले होते.

“मी रोज विचारलं, राणीसाहेब,” वैद्य म्हणाला. “याहून जास्त काही म्हणायला माझ्यापाशी नाही.”

“विचारून विष देतात का?” गर्दीतून कोणी ओरडले.

“बाईंनाच विचारा!” दुसरा म्हणाला. “ सांगा ना, पारखीणबाई! याच्या जिभेला हाड आहे का, ते सांगा!”

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिले. त्या नजरांत अजूनही विश्वास होता. तोच तिला सहन होईना. तिने नुसते गप्प राहायचे होते. तिच्या मुलखात गप्प राहण्याला कोणी कधी दोष दिला नव्हता. वैद्य परका होता, त्याच्यासाठी रडणारे इथे कोणी नव्हते, आणि संध्याकाळपर्यंत सगळे मिटले असते.

राणी म्हणाली, “पारखीणबाई, यांनी तुम्हाला रोज विचारलं होतं?”

“होय.”

“तुम्ही काय उत्तर दिलंत?”

“काही होत नाही, असं.”

“ते खरं होतं?”

पारखीण पुढे आली.  तिचा आवाज ओट्यावरचा नव्हता.

“खरं होतं, राणीसाहेब. पण ते मलमाविषयी नव्हतं. माझ्या हाताविषयी होतं.”

लोकांना काही उमगले नाही. मग तिने डोळ्यांवर पदर बांधून घेतला, डावा हात पुढे केला आणि म्हणाली, “बाभळीचा काटा आणा. टोचा, आणि मला विचारा.”

राणीने स्वतः काटा घेतला. एकदा टोचला, दोनदा टोचला. रक्ताचा थेंब कोपरापर्यंत ओघळला. पारखीण डोळे बांधून उभी होती, आणि राणीने काटा खाली ठेवल्यावर तिने विचारले, “टोचलंत का?”

 मग तिने पुढचे सारे सांगितले: उलथण्याचा चटका, नखाची रेघ, कानामागचा ठिपका. विशेषतः कानामागचा ठिपका. तो तिने सांगितला नसता तर तिला निष्काळजी म्हटले गेले असते, अपराधी नाही.

“बाई, आम्ही तुझ्या हातावर पोरंबाळं सोपवली!” एक म्हातारा मिठागरी म्हणाला. आयुष्यात प्रथमच त्याने तिला एकेरीत हाक मारली होती. “तुला माळावर सोडायला हवं.”

“सोडा,” ती म्हणाली. “पण यांना जाऊ द्या.”

 राणीने गर्दीकडे पाहून विचारले, “ज्यांना पहिल्याच दिवशी झोंबलं, त्यांनी हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. फडक्यांत गुंडाळलेले शेकडो हात खालीच राहिले.

“मला झोंबलं,” राणी म्हणाली, आणि तिने हात वर केला.

तेव्हा मागच्या रांगेतून एक वृद्धा काठी टेकत पुढे आली. तीन दिवस मौन धरणारी सासू तीच. “मला पहिल्या घटकेपासून झोंबलं,” ती म्हणाली. “पण सुनेसमोर कशी बोलू?” तिची सून तिथेच उभी होती. ती रडत म्हणाली, “अहो सासूबाई, मलाही!” मग एक हात वर झाला, मग दहा, मग सगळे.

“बाईंनी एक खोटं सांगितलं,” राणी म्हणाली, “आणि आपण सगळ्यांनी नऊ दिवस ते आपल्या गप्प बसण्यानं खरं करून दाखवलं. पहिल्या दिवशी एकजण बोलला असता तर एकाही बोटाला फोड आला नसता. माळावर पाठवायचं तर आपल्याला सगळ्यांनाच जावं लागेल.”

मग तिने निवाडा दिला. वैद्य मुक्त झाला. पारखिणीला ओट्यावरून कायमचे उतरवले गेले. आणि तिने गावातल्या प्रत्येक घरी जाऊन प्रत्येकाला ‘कुठं दुखतं?’ असे विचारावे, ते माणूस सांगेपर्यंत उंबऱ्यावरून हलू नये, आणि सांगेल तिथली जखम धुवावी, अशी तिला शिक्षा झाली.

ऐकणाऱ्यांपैकी काहींना ही शिक्षा हलकी वाटली. तिने पहिल्या घराचे दार ठोठावले तेव्हाच त्यांना त्या शिक्षेचे वजन कळले. दारे तोंडावर बंद झाली. एका घरासमोर ती सकाळपासून ऊन उतरेपर्यंत बसली. एका बाईने खिडकीतून सुनावले, “आता विचारतेस? तेव्हा कुठं गेली होती तुझी जीभ?” पारखीण म्हणाली, “तेव्हा ती होती, पण मी वापरली नाही. कुठं दुखतं, सांगा.” ज्यांना दुखणे सांगायची सवयच नव्हती, त्यांना शब्दही सापडत नसत. माणसे बोट दाखवत, मान फिरवत, आणि मग अचानक बोलू लागत. मलमाचे सांगून झाले की दहा वर्षांपूर्वीची टाच सांगत, वीस वर्षांपूर्वीचा गुडघा सांगत. ती ऐके आणि धुतलेले तूप लावत राही. मुळी न घातलेले ते तूप वैद्य रोज घोटून देत होता. जायला मोकळा असूनही तो गेला नव्हता.

बेचाळीस दिवसांत सगळी घरे झाली. एकच दार उरले, ते तिचे स्वतःचे.

धाकटी इतके दिवस तिच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. पारखिणीने तूप ठेवले, जमिनीवर बसली आणि विचारले, “कुठं दुखतं?”

धाकटीने भिंतीकडे तोंड केले. सूर्य कलला, चूल पेटली नाही, पारखीण हलली नाही.

शेवटी धाकटी म्हणाली, “बोटांच्या बेचक्यात.” आणि थोड्या वेळाने, “पहिल्या दिवसापासून, अक्का. तुला दिसत होतं. तू मला भाजी वाढलीस.”

पारखिणीने तिचा हात आपल्या हातांत घेतला आणि धुऊ लागली. “झोंबतं का?” तिने विचारले.

“झोंबतं,” धाकटी म्हणाली.

“मग मी हळू करते.”

धाकटीच्या उजव्या हाताची दोन बोटे पुढे कधीच पूर्ण मिटली नाहीत. इतरांच्या जखमा भरल्या, आणि वैद्याने दोन गुंजांचे प्रमाण ठरवून केलेल्या मलमाने त्या मुलखातल्या टाचा प्रथमच नितळ झाल्या. ओट्यावर त्यानंतर एकाच माणसाचा हात कधी ठेवला गेला नाही. दर वेळी नवी माणसे निवडली जात, म्हातारी, बाळंतीण, वाफ्यात राबणारा, घरात बसणारा, आणि प्रत्येकाला इतरांना ऐकू जाणार नाही असे बाजूला नेऊन विचारले जाई. जो ‘झोंबतं’ म्हणे, त्याचे सर्वांत आधी ऐकले जाई. पारखिणीचा डावा हात मात्र अखेरपर्यंत मुकाच राहिला.

तात्पर्य: ज्याला स्वतःची वेदना कळेनाशी झाली आहे, त्याने दुसऱ्याच्या सुखरूपतेची ग्वाही देऊ नये.